कांड्या भरणारं पोर

माझ्या टेबलावर कॉम्प्युटरच्या बाजूला एक धोटा असतो. शिसवी लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात कांडी बसवायला खाच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या लेथच्या गाळ्यात टूल विकायला येणारी मुलं तो हमखास उचलतात, हातात तोलून बघतात आणि विचारतात, "मॅडम, हा कुठल्या मशिनचा पार्ट?" माझ्या वडिलांच्या मशिनचा, असं मी सांगते.

आम्ही कोष्टी. गाव विट्याच्या बाजूचं. घरात खड्डामाग होता. आप्पा खड्ड्यात पाय सोडून बसत आणि दिवसभर धोटा उभ्या सुतातून इकडून तिकडे, तिकडून इकडे. लुगडी विणायचे. कांड्या भरायचं काम आईचं आणि माझं. उजव्या हाताने रहाट फिरवायचा आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं, कुठे सैल नाही, कुठे ओढलेलं नाही. सूत तुटलं तर गाठ इतकी बारीक मारायची की ती फणीत अडकता कामा नये. सात वर्षांची असताना मला हे सगळं जमत होतं. दोन बोटांच्या पेरांना सुताने चीर पडलेली असायची. ठाण्याला आल्यावरही ती कितीतरी महिने बुजली नव्हती.

आज २५ नोव्हेंबर. १८३५ साली याच तारखेला स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावात एका विणकराच्या घरी अँड्र्यू कार्नेगी जन्माला आला. खाली माग आणि वर माळ्यावर राहायची एक खोली, असं ते घर. पुढे तो अमेरिकेतला पोलादाचा राजा झाला, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला आणि आयुष्याच्या शेवटच्या अठरा वर्षांत त्याने बहुतेक सगळा पैसा वाटून टाकला. त्याच्याबद्दल मला गेली पंधरा वर्षं लिहायचं होतं. दर वेळी सुरुवात करायचे आणि थांबायचे, कारण त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं.

त्याची माझी गाठ पडली २०१० साली. आमचे हे आदल्या वर्षी गेले. दोन जुने लेथ, कॉम्प्युटरवर चालणारं एक नवीन सीएनसी मशिन, त्या सीएनसीचं कर्ज, अकरा माणसं आणि चलानांच्या फायली असं सगळं माझ्या अंगावर आलं. हिशेब मी आधीपासून बघत होते, पण मालक व्हायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये पोरांच्या रांगेत बसून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकले. क्लास सुटला की तिथून चालत मराठी ग्रंथ संग्रहालयात जायचे. घरी लवकर जायला नको वाटायचं. एका संध्याकाळी उद्योगपतींच्या कपाटातून पुठ्ठा सुटलेलं कार्नेगीचं एक जुनं चरित्र काढलं आणि उभ्यानेच वाचायला लागले. बाप हातमागावर टेबलक्लॉथचं नक्षीचं कापड विणायचा. गावात वाफेवर चालणारे माग आले. एक दिवस बाप घरी आला आणि आता आपल्याला काम मिळणार नाही एवढंच बोलला. पोरगा तेव्हा बारा वर्षांचा.

मी ते पान मिटलं आणि तिथल्या बाकावर बसले. १९७४ च्या उन्हाळ्यात आप्पा सूत आणायला व्यापाऱ्याकडे गेले होते आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले होते. यंत्रमागाचं लुगडं स्वस्त पडतं, आता हातमागाला सूत देत नाही, असं त्याने सांगितलं होतं. आप्पा हे आईला सांगत नव्हते, मागाकडे बघून बोलत होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ सालीच आला होता. आमच्या दारात पोचायला त्याला सत्तर वर्षं लागली.

कार्नेगी कुटुंबाने १८४८ साली माग आणि घरातलं सामान लिलावात काढलं. हातमाग कोण घेणार! जवळजवळ काहीच हाती आलं नाही. प्रवासाला २० पौंड कमी पडत होते, ते आईच्या एका मैत्रिणीने उसने दिले. ग्लासगोहून शिडाचं जहाज, सुमारे सात आठवडे समुद्र, मग न्यूयॉर्कहून कालव्याने आणि बोटीने आणखी तीन आठवडे, आणि शेवटी पिट्सबर्गच्या समोरच्या काठावरचं ॲलेघेनी. तिथे आधी जाऊन राहिलेल्या नातेवाइकांच्या आधाराने दोन खोल्या मिळाल्या. बापाने तिथेही हातमागच मांडला आणि टेबलक्लॉथ विणून दारोदार फिरून विकायला लागला. आई शेजारच्या चांभाराचे बूट रात्री बसून शिवायची. त्या चांभाराचा मुलगा हेन्री फिप्स पुढे कार्नेगीचा भागीदार झाला.

आणि अँड्र्यू कापडगिरणीत कांड्यांवर लागला. भरलेल्या कांड्या पोचवायच्या, रिकाम्या गोळा करायच्या, उजाडायच्या आधी जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. मजुरी आठवड्याला १ डॉलर २० सेंट. पुढे त्याने कोट्यवधी डॉलर मिळवले, पण त्या पहिल्या आठवड्याच्या पैशांनी जो आनंद दिला तो पुन्हा कशाने मिळाला नाही, असं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मग कांड्या तयार करणाऱ्या कारखान्यात २ डॉलरवर गेला. तळघरात बॉयलर सांभाळायचा होता. वाफ कमी झाली तर वरचे ओरडणार, जास्त झाली तर बॉयलर फुटणार. तो रात्री झोपेतून उठून बसायचा आणि अंधारात वाफेचा काटा तपासायला हात पुढे करायचा. नंतर त्याला कांड्या तेलात बुडवायचं काम दिलं, त्या वासाने त्याला उलटी व्हायची. आमच्याकडे नवीन लागलेला हेल्पर मशिन थंड ठेवणारं जुनं कूलंट उपसताना पहिले आठ दिवस जेवत नाही. ते बघितलं की मला तेरा वर्षांचं ते पोर आठवतं.

आमचं जहाज म्हणजे विट्याहून सुटणारी एसटी. १९७५ साली आम्ही ठाण्यात किसननगरला आलो, आतेभावाच्या खोलीत. आप्पांनी माग मोडला. लाकूड गावातच जळणाला गेलं, धोटा तेवढा ट्रंकेत घालून आणला. त्यांना काम मिळालं ते भिवंडीला, यंत्रमागावर. ज्या यंत्राने हातमाग बंद पाडला त्याच्याच समोर ते पुढची एकोणीस वर्षं उभे होते. बारा तासांची पाळी, आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी. सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. पहिला घास तोंडात, दुसरा हातात, आणि झोप लागलेली. आई हातातला घास हळूच काढून ताटात ठेवायची. खडखडाटाने कान गेले, त्यामुळे आम्ही जे काही बोललो ते ओरडून बोललो. बारा तास म्हणजे काय, हे मला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

ॲलेघेनीत कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी घरातली सुमारे ४०० पुस्तकं काम करणाऱ्या मुलांसाठी खुली केली. दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं आणि पुढच्या शनिवारी बदलायचं. अँड्र्यू तोपर्यंत तारघरात निरोप्या झाला होता. पुढे हे वाचनालय मोठं झालं आणि नियम निघाला की हाताने काम करणाऱ्या शिकाऊ मुलांनाच पुस्तकं फुकट, बाकीच्यांनी वर्षाला २ डॉलर भरायचे. तारघरातली मुलं बाकीच्यांत गेली. १८५३ साली, सतरा वर्षांच्या या मुलाने पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात पत्र छापून आणलं की हे बरोबर नाही, देणाऱ्याचा हेतू असा नव्हता. नियम बदलला.

आमच्या गावातही एक वाचनालय होतं. एक टेबल, दोन बाकडी, भिंतीला लावलेलं कपाट. बायका-मुलींनी आत जायचं नाही असा लेखी नियम नव्हता, पण जात कोणी नव्हतं. मी एकदा गेले तर तिथे बसलेल्या एकाने, कोणाचं काय आणायला आलीस, असं विचारलं. माझ्यासाठी पुस्तक, म्हटल्यावर सगळे हसले. मी पत्रबित्र काही लिहिलं नाही. बाहेर आले आणि चार दिवस कोणाशी बोलले नाही. म्हणून ते १८५३ चं पत्र वाचताना मला रडू आलं. ते पोरगं माझं काहीतरी लागतं असं वाटलं.

ठाण्याचं वाचनालय वेगळं निघालं. १९८६ साली वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेबनीस म्हणून लागले आणि पहिल्या पगारात अनामत भरून ग्रंथ संग्रहालयाची सभासद झाले. तिथे कोणी काही विचारलं नाही, फक्त नाव आणि पत्ता. हे वाचनालय १ जून १८९३ चं. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांनी ते काढलं तेव्हा ते विशीत होते. कोणा धनाढ्याने उभारून दिलेलं नाही, सभासदांच्या वर्गणीवर चालत आलंय. ठाणेकर हे मिरवत नाहीत. मला मिरवावंसं वाटतं.

कार्नेगीचंही ठाण्याशी एक बारीकसं नातं मी लावून ठेवलंय. १८७८-७९ मध्ये तो जगाच्या फेरीवर निघाला तेव्हा हिंदुस्थानही पाहून गेला आणि मुंबईत आला. उत्तरेतून जबलपूरवरून मुंबईला येणारी रेल्वे कल्याण-ठाण्यावरूनच येते. म्हणजे आपल्या खाडीपुलावरून तो गेला असणार. तेव्हा त्याच्या पोलादाच्या कारखान्यातून रूळ पडायला लागून तीन-चार वर्षंच झाली होती. रुळांवरून जाताना रूळ कोणी ओतलेत हे त्याने मनात मोजलं असेल, असं मला आपलं वाटतं.

रेल्वेत तो शिरला १८५३ साली, महिना ३५ डॉलरवर, थॉमस स्कॉट या अधिकाऱ्याचा तारमास्तर आणि मदतनीस म्हणून. तिथून पुढे लोखंडी पूल, भट्ट्या आणि मग पोलाद. पिट्सबर्गजवळचा ब्रॅडॉकचा कारखाना १८७५ साली सुरू झाला आणि पहिली ऑर्डर २,००० रुळांची होती, ज्या रेल्वेत तो पूर्वी नोकर होता तिचीच. पद्धत बेसेमरची. वितळलेल्या लोखंडातून खालून हवा फुंकायची म्हणजे आतला कार्बन आपणच जळतो आणि पंधरा-वीस मिनिटांत टनावारी पोलाद तयार होतं. ते वाचताना मी खुर्चीतच पुढे सरकले होते. दुसरी गोष्ट जास्त आवडली. आसपासचे भट्टीवाले खनिज नावावरून आणि अंदाजाने घेत होते तेव्हा याने एक जर्मन रसायनतज्ज्ञ पगारावर ठेवला. कळलं की नाव असलेल्या खाणींचा माल कमअस्सल आणि बदनाम खाणींचा उत्तम. आमच्याकडेही यांनी हयातभर ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा बार ठिणगीवरून ओळखला, आणि ते ओळखतही असत. पण मी पहिल्या वर्षी एक लॉट टेस्टिंगला पाठवला तेव्हा ईएन-८ म्हणून घेतलेल्यातला निम्मा माल साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा निघाला. त्या दिवसापासून सर्टिफिकेटशिवाय बार गाळ्यात येत नाही.

खर्चावर तर त्याची घारीसारखी नजर असे. भट्टीत किती कोळसा गेला, कोणत्या पाळीत किती विटा लागल्या, सगळं लिहिलेलं पाहिजे. नफ्याचं बघायची गरज नाही, खर्च सांभाळा, नफा आपला आपण येतो, असं त्याचं म्हणणं. हिशेबनीस बाईला हे पटणारच. फक्त एक गोष्ट नंतर लक्षात आली. त्या खर्चाच्या वहीत एक रकाना मजुरीचाही होता.

ब्रॅडॉकचा कारखाना चालवणारा कॅप्टन बिल जोन्स हा माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस. कार्नेगीने भागीदारी देऊ केली तर म्हणाला, नको, पगार भरपूर द्या. तेव्हा त्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाइतका पगार लावून दिला. या जोन्सचं म्हणणं होतं की हाडामांसाच्या माणसाकडून सलग बारा तास भट्टीसमोर काम होणं शक्य नाही. त्याने कार्नेगीला पटवून आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू केल्या. काही वर्षं त्या चालल्या, उत्पादनही वाढलं. पण बाकीचे सगळे कारखाने बारा तासांवरच राहिले आणि १८८८ मध्ये कार्नेगीने पुन्हा बारा तास आणले. एकट्याने आठ तास परवडत नाहीत म्हणून. पुढच्या वर्षी भट्टीच्या स्फोटात जोन्स भाजून गेला. आणि त्याच १८८९ मध्ये, त्याच ब्रॅडॉकमध्ये, अमेरिकेतलं पहिलं कार्नेगी वाचनालय उघडलं.

ही तीन वाक्यं मी एकापाठोपाठ एक अशी लिहिली कारण त्या गोष्टी घडल्याच एकमेकींना लागून. मी अनेकदा त्यांच्यात काही अंतर शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही.

त्याच साली त्याने संपत्तीवरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. श्रीमंत म्हणून मरणं ही नामुष्की आहे, धनवानाने जिवंतपणीच आपलं धन समाजासाठी लावावं. आणि तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, होमस्टेड झालं. मोनोंगाहेला नदीच्या काठी त्याचा दुसरा मोठा कारखाना. युनियनबरोबरचा करार जूनअखेर संपला. नव्या करारात मजुरीचे दर खाली आणायचे होते आणि खरं तर युनियनच नको होती. कार्नेगी दर वर्षीप्रमाणे स्कॉटलंडला गेला आणि सगळं त्याचा भागीदार हेन्री फ्रिक याच्यावर सोपवलं. फ्रिकने कारखान्याभोवती कुंपण घातलं आणि ६ जुलैच्या पहाटे ३०० बंदूकधारी खासगी शिपाई दोन पडावांतून नदीने आणले. काठावर कामगार आणि त्यांच्या बायका उभ्या होत्या. दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. मग सरकारी फौज आली, नवीन माणसं लावून कारखाना सुरू केला आणि नोव्हेंबरात संप मोडला. बारा तास पक्के झाले. दिवसपाळीची रात्रपाळी होताना दर पंधरवड्याला सलग चोवीस तास उभं राहायचं. सहाच वर्षांपूर्वी याच माणसाने लेख लिहून कामगारांना संघटना करायचा हक्क आहे असं छापून आणलं होतं.

होमस्टेडलाही १८९८ मध्ये त्याने वाचनालय दिलं. भव्य इमारत, पोहायचा तलाव, गाण्याची सभागृहं. बारा तास काम करून घरी आलेल्या माणसाने ते वापरायचं कधी, हा प्रश्न तिथल्या कामगारांनी विचारून ठेवलाय.

आता माझं.

२०१४ साली, यांना जाऊन पाच वर्षं झाली म्हणून गावात त्यांच्या नावाने अभ्यासिका बांधायला अडीच लाख रुपये दिले. ज्या वाचनालयातून मला हसत बाहेर काढलं होतं त्याच गावात. डनफर्मलिनमध्ये पिटेनक्रीफ नावाची एक मोठी बाग होती, खासगी मालकीची. वर्षातून एकदा गावाला आत सोडत, पण कार्नेगीच्या आजोळच्या लोकांना मालकाशी भांडण झाल्यामुळे मज्जाव होता. १९०२ मध्ये त्याने ती अख्खी बाग विकत घेतली आणि गावाला देऊन टाकली. माझ्या मनात तेच होतं. नारळ फुटला, पाटीवर यांचं नाव, मुली पहिल्या रांगेत बसलेल्या. मी फोटो काढून आणले आणि गाळ्यात पेढे वाटले.

तेव्हा आमच्याकडे बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या. आठ ते आठ. वरच्या चार तासांचा ओव्हरटाइम आम्ही सिंगल दराने देत होतो. कायद्याने दुप्पट द्यायचा असतो हे मला माहीत होतं. यांच्या वेळेपासून तसंच चालत आलं होतं, वागळे इस्टेटच्या रोड नंबर १६ पासून २८ पर्यंत ज्यांना ज्यांना मी ओळखत होते त्यांच्याकडे तसंच चालत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं.

आमचा सेटर, म्हणजे मशिनवर जॉब लावून देणारा, १९९६ पासूनचा. त्याने पेढा घेतला, फोनवरचे फोटो एकेक करून नीट बघितले आणि म्हणाला, "वहिनी, लई झाक झालंय. इथं ठाण्यात अशी कुठं आहे का? माझा पोरगा नववीत गेलाय. आणि रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? मी आठला सुटतो म्हणून विचारलं."

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती. तो बाहेर गेला, दार बंद झालं आणि मी धोट्याकडे बघत बसले. होमस्टेडचं पान मला चार वर्षांपासून पाठ होतं आणि ते मी दुसऱ्या कोणाबद्दल तरी म्हणून वाचलं होतं. आप्पांच्या हातातला घास माझ्या डोळ्यांपुढे होता आणि माझ्याच गाळ्यात अकरा घरांतले तसेच घास मी कधी मोजले नव्हते.

त्या आठवड्यात तीन रात्री बसून टॅलीत एक हिशेब काढला. ओव्हरटाइम दुप्पट दिला असता तर एका वर्षात किती जास्त गेले असते? पावणेआठ लाखांच्या वर. मी गावाला दिलेले अडीच लाख त्यातून वजा केले तरी सव्वापाच लाख उरत होते. म्हणजे अभ्यासिका मी बांधलीच नव्हती. ती या अकरा जणांनी बांधली होती आणि पाटीवर आमचं नाव होतं.

आठ तासांवर यायला मला सव्वा वर्ष लागलं. हे सोपं होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सगळ्यांत आधी विरोध कामगारांनीच केला. बारा तासांचे पैसे आठ तासांत मिळणार नसतील तर घरभाडं कुठून भरायचं, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. मूळ पगार वाढवला, पण पूर्ण भरपाई करू शकले नाही. पाच माणसं नवीन घ्यावी लागली. एका मोठ्या ग्राहकाने नवा दर नाकारला आणि काम शेजारच्या रस्त्यावर गेलं. दोन जुने ऑपरेटर बारा तासांच्या जागी निघून गेले, एकाच्या बहिणीचं लग्न होतं. मी त्यांना दोष देत नाही. त्या वर्षी मी स्वतः काही घेतलं नाही आणि धाकट्याच्या फीसाठी बांगड्या ठेवल्या. पण आठ तासांत स्क्रॅप कमी झालं. पहाटे पाचच्या सुमाराला सरसकट बिघडणारे जॉब बंद झाले. जोन्सला हे १८८१ मध्येच माहीत होतं.

कार्नेगीने १९०१ मध्ये कारखाने बँकर मॉर्गनला विकले, ४८ कोटी डॉलरना. त्याच्या वाट्याला सुमारे साडेबावीस कोटी आले. विक्रीनंतर त्याने सगळ्यांत पहिलं दान केलं ते कारखान्यातल्या जखमींसाठी, मेलेल्यांच्या घरांसाठी आणि म्हाताऱ्या कामगारांच्या पेन्शनसाठी, ४० लाख डॉलर. म्हणजे आपण कोणाचं देणं लागतो हे त्याला कळत होतं. पण ते कळलं तोपर्यंत त्या भट्ट्या त्याच्या राहिल्या नव्हत्या आणि तिथली पाळी बदलणं त्याच्या हातात नव्हतं. मला त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते इथे.

तरीही त्याला मोडीत काढायला माझं मन तयार होत नाही. त्याने जगभर २,५०९ वाचनालयांना पैसे दिले, १,६०० हून जास्त एकट्या अमेरिकेत. काही गावांनी हा पैसा नको म्हणून सांगितलं, त्यांचंही बरोबर होतं. पण त्या दारातून आत गेलेल्या मुलींना ते पैसे कुठून आले हे विचारायचं कारण नव्हतं. आपल्या सयाजीराव महाराजांनीही अमेरिकेतली वाचनालयं पाहिली, १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि गावोगावी वाचनालयं काढली. आणि कार्नेगीची अट मला फार उशिरा समजली. इमारत मी देतो, जागा गावाने द्यायची आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी गावानेच चालवायला घालायची. मी असं काही ठरवलं नव्हतं. २०१७ साली न सांगता गावाला गेले तर अभ्यासिकेला कुलूप, आत सिमेंटच्या गोण्या आणि खिडकीची काच फुटलेली. दोन ग्रामसभा बसून घेतल्या. आता वर्षाला पंचवीस हजार गाव घालतं, किल्ली अंगणवाडीच्या ताईकडे असते आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत दिवा असतो.

सेटरचा मुलगा डिप्लोमा करून पुण्याला लागला. सेटर स्वतः तीन वर्षांपासून ग्रंथ संग्रहालयाचा सभासद आहे. सकाळच्या पाळीत असला की साडेतीनला सुटतो, हात धुतो, शर्ट बदलतो आणि पुस्तक बदलायला जातो. शिकारीच्या गोष्टी आणि दिवाळी अंक, दुसरं काही नाही.

गेल्या शुक्रवारी हा लेख लिहीत होते तेव्हा तो व्हाउचरवर सही करायला आला होता. ॲलेघेनीत कार्नेगीने १९०४ मध्ये कर्नल अँडरसनचं स्मारक उभारलं, त्याचा फोटो स्क्रीनवर होता. वर कर्नलचा अर्धपुतळा आणि खाली एक उघडाबंब लोहार, ऐरणीवर बसून मांडीवरचं पुस्तक वाचतोय. सेटरने चष्मा वर करून तो जवळून बघितला. दंड बघितले, ऐरणीचं शिंग बघितलं.

"वहिनी, ऐरणीवर कोणी बसत नाही," तो म्हणाला. "दसऱ्याला पुजतो आपण तिला."

मी म्हटलं, त्यांच्याकडे तसं नसेल.

तो अजून बघतच होता. सही करून पेन ठेवताना म्हणाला, "सुट्टी झाली असंल त्याची."